कै. खाशाबा जाधव

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे राजे, सेनापति, संत, कवि अथवा शास्त्रज्ञ यांचींच नांवें तुमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. शालेय वार्षिकांतूनही बहुधा अशांचींच चरित्रें छापलीं जातात, व तें योग्यच आहे. परंतु यंदा आम्ही ज्यांचें चरित्र तुम्हांस सांगणार आहों ते यांपैकीं कोणीच नव्हते. ते एका लहानशा खेड्यांतील पहिलवानाचे पुत्र, कॉलेजांतील एक विद्यार्थी आणि पुढें पोलिसखात्यांतील एक अंमलदार होते. स्वतंत्र भारतास ऑलिंपिक सामन्यांत वैयक्तिक खेळांतील पहिलें पदक त्यांनींच मिळवून दिलें. त्यांचें संपूर्ण नांव खाशाबा दादासाहेब जाधव.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेंत, कॉलेजांतील खेळाडूंचें फार कौतुक होतें. तेथें फुटबॉल या नांवानें ओळखला जाणारा, परंतु चेंडू बहुतेक वेळ हातांत धरून धांवण्याचा, एक दांडगा खेळ आहे. त्यांत वर्षांतील सर्वोत्कृष्ट ठरलेल्या कॉलेजच्या खेळाडूस १९३५ सालापासून दरवर्षीं हाइसमन या नांवाचें पारितोषिक दिलें जातें, आणि तें ज्यास मिळतें त्याचें नांव देशभर होतें. सामने पाहण्यास हजारों लोक तिकिटें काढून बसतात. चांगल्या खेळाडूच्या शिक्षणाचा भारही पुष्कळदां कॉलेजच उचलतें. आपल्याकडे कॉलेजच्या खेळाडूची स्थिति एके काळीं कशी होती, तें पुढील हकीकतीवरून दिसेल.

सातारा जिल्ह्यांत कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर कऱ्हाड हें शहर आहे. त्याच्या अगदीं जवळ गोळेश्वर नांवाचें खेडें आहे. तेथें ता. १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबांचा जन्म झाला. पांच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नांवाजलेले कुस्तीगीर असल्यामुळें मुलगा पांच वर्षांचा होतो न होतो तोंच त्यांनीं त्यास तांबड्या मातींत उतरविलें. आमच्या वऱ्हाडांत ज्यास आखाडा म्हणतात त्यास तिकडे तालीम म्हणतात, आणि त्या प्रांतांत तालमीवांचून गांव सांपडणें कठीण. आमच्या वाशीम जिल्ह्यांतही नागपंचमीस व जत्रेंत दंगली होतात, आणि त्या पाहण्यासाठीं कोण कोण घरीं न सांगतां जातात हें आम्हांस ठाऊक आहे! पण तिकडे कुस्ती हा केवळ सणाचा खेळ नव्हे. बारा महिने चालणारी ती एक विद्याच आहे. खाशाबा आठ वर्षांचे असतांना त्यांनीं आपल्या भागांतील एका नामांकित मल्लास अवघ्या दोन मिनिटांत चीत केलें, अशी गोष्ट तिकडे सांगतात.

इ. स. १९४० पासून १९४७ पर्यंत ते कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकत होते. हा काळ साधा नव्हता. १९४२ सालीं चले जाव चळवळ सुरू झाली, आणि सातारा जिल्ह्यांत तर तिनें प्रतिसरकाराचें रूप धारण केलें. भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणें, त्यांचीं पत्रकें व निरोप इकडून तिकडे पोहोंचविणें, असलीं कामें गांवोगांवचीं मुलें करीत. त्यांत खाशाबाही होते. पकडले गेल्यास काय होईल हें त्या मुलांना समजत नव्हतें असें नाहीं. पुढें ता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, त्या दिवशीं ऑलिंपिक सामन्यांत आपल्या देशाचें निशाण वर चढवावयाचें असा निश्चय या एकवीस वर्षांच्या तरुणानें केला.

शाळा संपल्यावर ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची राजधानी. शाहू महाराजांनीं तेथें मल्लविद्येस उदार आश्रय दिला, मोठमोठ्या तालमी चालविल्या, आणि खासबागेचें प्रचंड मैदान बांधविलें. अशा ठिकाणीं ठेंगण्या बांध्याच्या नवख्या मुलाकडे कोण लक्ष देणार? १९४८ सालीं कॉलेजच्या वार्षिक क्रीडामहोत्सवांत कुस्तीसाठीं नांव देण्यास खाशाबा गेले, तेव्हां त्यांची लहानखुरी शरीरयष्टि पाहून क्रीडाशिक्षकांनीं नांव घेण्यास नकार दिला. दुसरा एखादा मुलगा मुकाट्यानें परत फिरला असता, अथवा मित्रांत बसून शिक्षकांची निंदा करीत राहिला असता. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले व त्यांची परवानगी घेऊन आले. मग आपल्याहून धिप्पाड अशा गड्यांना त्यांनीं एकामागून एक लोळविलें, आणि साऱ्या कॉलेजानें त्यांस ओळखलें.

त्यांचा आवडता डाव ढाक. प्रतिपक्ष्याचें मस्तक बगलेंत जखडून, क्षणांत आपलें अंग फिरवून, त्यास जमिनीवर आदळावयाचें, असा हा डाव आहे. यास बळापेक्षां चपळाई अधिक लागते. वेळ अर्ध्या पळानें चुकली कीं डाव करणाराच खालीं येतो. मेहनतीविषयीं सांगावयाचें तर एका दमांत सुमारें हजार बैठका आणि अडीचशें-तीनशें जोर ते काढीत.

त्याच वर्षीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे सामने झालेच नव्हते. त्यामुळें बारा वर्षांनीं जगांतील खेळाडू एकत्र येत होते. कोल्हापूरच्या महाराजांनीं प्रवासाचा खर्च दिल्यामुळें खाशाबांस जावयास मिळालें. तेथें पोहोंचल्यावर मात्र एक नवीनच अडचण पुढें उभी राहिली. आपली कुस्ती मातींतली. तिला घड्याळ नाहीं. दोन्ही खांदे भुईला लागून गडी चीत झाला म्हणजेच निकाल. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. पायाला मातीचा आधार नाहीं, वेळ पंधरा मिनिटांचा, आणि तेवढ्यांत कोणी चीत न झाल्यास पंच आपल्या मतानें जय-पराजय ठरविणार. ज्याचा जन्म मातींत गेला त्यास गादीवर पाय ठरविणेंही जड जातें. अमेरिकेचे एक माजी कुस्तीविजेते रीस गार्डनर यांनीं तेथें खाशाबांस थोडेंबहुत शिकविलें. एवढ्याशा तयारीवर त्यांनीं ५२ किलो वजनाच्या गटांत ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविलें आणि सहावा क्रमांक पटकाविला. कुस्तींत इतका वरचा क्रमांक तोंवर कोणाही भारतीयास मिळाला नव्हता. परंतु त्यांचें समाधान झालें नाहीं. परत आल्यावर पुढील चार वर्षें त्यांनीं दुप्पट मेहनत केली, व वजन वाढवून ५७ किलोच्या गटांत उतरण्याचें ठरविलें. वजन वाढलें म्हणजे प्रतिस्पर्धीही अधिक बलवान भेटणार, हें उघडच आहे.

यानंतर १९५२ सालचे हेलसिंकी येथील सामने आले, आणि येथून पुढची हकीकत आम्ही जरा सविस्तर सांगणार आहों.

पहिली अडचण निवडीची. मद्रास येथें झालेल्या राष्ट्रीय सामन्यांत खाशाबा कलकत्त्याच्या निरंजन दास यांच्याकडून अवघ्या एका गुणानें हरले असें पंचांनीं ठरविलें. हा निर्णय न्याय्य नाहीं असें खाशाबांस वाटलें. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे मोठे भोक्ते व क्रीडासंस्थांत वजन असलेले गृहस्थ होते. त्यांच्या मध्यस्थीनें दोघांची पुन्हां कुस्ती लावण्यांत आली, आणि तींत खाशाबांनीं निरंजन दासांस पराभूत केलें. तेव्हां कोठें निवड कायम झाली.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती पहिलीहून बिकट होती. निवड झाली तरी प्रवासाचा व राहण्याचा खर्च खेळाडूनेंच उभा करावा, अशी तेव्हांची रीत. मुंबई सरकाराकडे वारंवार विनंत्या झाल्या; पण वेळेवर त्यांचें फळ दिसेना. खाशाबांनीं व त्यांच्या आप्तेष्टांनीं गांवांतून वर्गणी गोळा करण्यास सुरुवात केली. ज्याच्या हातीं जें होतें तें त्यानें दिलें. कऱ्हाडच्या दुकानदारांनींही यथाशक्ति मदत केली. परंतु खेड्यांतल्या वर्गणीनें युरोपचा प्रवास कसा व्हावा? रक्कम पुरी होईना, आणि जाण्याची वेळ तर जवळ येऊन ठेपली.

अशा वेळीं राजाराम कॉलेजांतील त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवलें आणि सात हजार रुपये उभे केले. आजच्या वाचकांस ही रक्कम लहान वाटण्याचा संभव आहे, म्हणून सांगतों. त्या काळीं तोळाभर सोनें शंभर रुपयांच्या आंत मिळत असे. म्हणजे सात हजारांत सत्तर तोळ्यांहून अधिक सोनें आलें असतें. बरें, हा विद्यार्थी खर्डेकरांच्या नात्याचा नाहीं, गोताचा नाहीं. तो पदक आणील याची कसलीही हमी नाहीं. लंडनला तो सहावा आला होता, एवढेंच काय तें प्रत्यक्ष दिसणारें भांडवल. सावकारी हिशेबानें पाहिलें तर असें कर्ज कोणी काढूं नये, आणि आम्हीही कोणास काढावयास सांगणार नाहीं. शिक्षकाचा पेशा पत्करून आम्हांस पुष्कळ वर्षें झालीं. आमच्या पेशांतील माणसाजवळ घराखेरीज दुसरी इस्टेट क्वचितच असते, हें आम्ही जाणतों. म्हणूनच ही गोष्ट लिहितांना आमची लेखणी थोडी अडखळली. पालकवर्गानें या ठिकाणीं खर्डेकरांच्या घरच्या मंडळींचाही विचार करावा. कर्त्या पुरुषानें घराचें छप्पर एका विद्यार्थ्याच्या पाठीवर ठेवलें होतें, व तो विद्यार्थी समुद्रापलीकडे निघून गेला होता.

हेलसिंकी हें फिनलंड देशाच्या राजधानीचें शहर. उन्हाळ्यांत तेथें रात्र फारच थोडी असते. मध्यरात्रीच्या सुमारासही आकाशांत उजेड रेंगाळत असतो. या सामन्यांस एक विशेष महत्त्व होतें. सोव्हिएट रशियानें प्रथमच आपले खेळाडू ऑलिंपिकला पाठविले होते, आणि लंडनच्या वेळीं ज्यांस बंदी होती ते जर्मनी व जपान हे देश परत आले होते. म्हणजे स्पर्धा पूर्वीपेक्षां पुष्कळच कठीण झाली होती. कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही भारताच्या कुस्तीसंघांत होते.

खाशाबांनीं कॅनडाचा मल्ल एड्रियन पोलिक्विन यास हरविलें; मग मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो यास; पुढें जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यास. आतां गांठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशीं. ही कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक काळ चालली, आणि तींत खाशाबा हरले. या कुस्तींतून ते गादीखालीं उतरतात न उतरतात तोंच त्यांस रशियाच्या रशीद ममेदबेकोव्ह याच्याशीं लढण्यास बोलावण्यांत आलें. दोन कुस्त्यांच्या मध्यें निदान अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. पण ती मागावयास त्या वेळीं भारतीय संघाचा एकही अधिकारी जागेवर हजर नव्हता, असें सांगतात. परदेशांत, परक्या भाषेंत, एकट्या दमलेल्या खेळाडूनें कोणाशीं वाद घालावा? ते तसेच गादीवर चढले आणि हरले.

शेवटीं सुवर्णपदक इशीला, रौप्यपदक ममेदबेकोव्हला व कांस्यपदक खाशाबांस, असा निकाल लागला. ता. २३ जुलै १९५२ हा तो दिवस. विश्रांति मिळती तर रंग बदलला असता, असें पुष्कळजण म्हणतात. आम्हांस वाटतें कीं इशी त्या दिवशीं सर्वांनाच भारी होता. जपानला त्या सामन्यांत मिळालेलें एकमेव सुवर्णपदक त्याचेंच. पण रशियन मल्लाशीं झालेल्या कुस्तीबद्दल मात्र हळहळ वाटल्यावांचून राहत नाहीं. अधिकारी वेळेवर जागेवर असणें ही गोष्ट क्षुल्लक दिसते. पण खेळाडूच्या चार वर्षांच्या मेहनतीचें मोल कधीं कधीं तेवढ्यावरच अवलंबून असतें.

या पदकाची थोरवी नीट समजण्यासाठीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. हॉकींत भारताचा संघ १९२८ पासून सुवर्णपदकें जिंकीतच होता, व हेलसिंकी येथेंही त्यानें तें जिंकलें. पण तें अकरा जणांचें यश. एकट्यादुकट्या भारतीयाचें नांव त्याआधीं पदकांच्या यादींत होतें तें फक्त नॉर्मन प्रिचर्ड यांचें. त्यांनीं १९०० सालीं पॅरिस येथें धांवण्यांत दोन रौप्यपदकें मिळविलीं होतीं. तो ब्रिटिश अमदानींतला काळ. आणि खाशाबांनंतर असें वैयक्तिक पदक पुन्हां मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें, जेव्हां लिअँडर पेस यांनीं टेनिसमध्यें कांस्यपदक जिंकलें. मधलीं चव्वेचाळीस वर्षें त्या रकान्यांत एकट्या गोळेश्वरच्या मल्लाचें नांव होतें.

ते परत आले तेव्हां कऱ्हाडकडून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. शंभराहून अधिक बैलगाड्या, ढोल, लेझीम, गुलाल यांनीं रस्ता फुलून गेला. एरवीं पाव तासाची वाट. त्या दिवशीं तिला सात तास लागले. ज्यांनीं आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून वर्गणी दिली होती तीं सर्व माणसें त्या गर्दींत होतीं. प्रत्येकास त्या पदकांत आपलाही कांहीं वांटा आहे असें वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं, कारण तो होताच.

मिरवणूक संपली, गुलाल झटकला गेला, आणि खाशाबांनीं पहिलें काम हातीं घेतलें तें प्राचार्यांचें घर सोडविण्याचें. त्यांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत लढले, आणि बक्षिसांच्या व तिकिटांच्या उत्पन्नांतून खर्डेकरांचे पैसे परत केले. जगांतील तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल पुन्हां मातींत उतरून कर्जासाठीं कुस्त्या खेळतो, हें दृश्य आम्हांस हेलसिंकीच्या व्यासपीठाहून अधिक हृद्य वाटतें. घर सुटलें. आमच्यापुरतें बोलावयाचें तर, पदकाची वार्ता वाचतांना झाला नाहीं इतका आनंद आम्हांस या दोन शब्दांनीं झाला.

पुढील आयुष्याविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं, आणि जें आहे तें सुखाचें नाहीं. १९५५ सालीं ते पोलिसखात्यांत सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. पुढच्या वर्षींच्या मेलबोर्न ऑलिंपिकची त्यांची उमेद गुडघ्याच्या दुखापतीनें मोडली. खात्यांत त्यांनीं सुमारें सत्तावीस वर्षें नोकरी केली, तेथील खेळाडूंस शिकविलें, आणि असिस्टंट पोलिस कमिशनर या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. बढती मिळण्यास फार काळ लागला, व निवृत्तिवेतनासाठींही त्यांस झगडावें लागलें. त्यांच्या हयातींत कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांच्या वांट्यास आला नाहीं. १९८२ सालीं दिल्ली येथें एशियाई क्रीडासामने झाले तेव्हां ज्योत नेणाऱ्यांत त्यांस मान देण्यांत आला, एवढेंच. आपल्या पदकाचें त्यांनीं कधीं भांडवल केलें नाहीं हें त्यांच्या स्वभावास शोभलें. पण एखाद्याचा स्वभाव अबोल असला म्हणजे इतरांनींही त्याच्याविषयीं अबोल राहावें असें थोडेंच आहे?

ता. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील एका अपघातांत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ५८ वर्षांचें होतें. लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामने संपून दोनच दिवस झाले होते, आणि तेथून भारतीय पथक एकाही पदकावांचून परत येत होतें.

यानंतर हळूहळू देशास जाग येऊं लागली. महाराष्ट्र शासनानें मरणोत्तर शिवछत्रपति पुरस्कार दिला. २००० सालचा अर्जुन पुरस्कारही असाच मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं जाहीर झाला. दिल्लींत २०१० सालीं राष्ट्रकुल क्रीडासामने भरले तेव्हां इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें. गोळेश्वर येथें त्यांच्या नांवें कुस्तीचें केंद्र उभारण्याचें आश्वासनही मिळालें. परंतु तें इतकीं वर्षें कागदावरच राहिलें कीं २०१७ सालीं पदकाचा लिलाव करून आपणच आखाडा बांधूं, असें जाहीर करण्याची पाळी त्यांच्या कुटुंबियांवर आली. पुढें महाराष्ट्र शासनानें त्यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ जानेवारी, हा राज्य क्रीडादिन ठरविला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी सहलीच्या निमित्तानें कऱ्हाडास गेल्यास संगम पाहून झाल्यावर थोडी वांकडी वाट करून गोळेश्वरास जावें. तेथें खाशाबांनीं बांधलेलें घर आहे. त्यास त्यांनीं ऑलिंपिक निवास असें नांव दिलें होतें.